मदत हवी आहे: जीपचे पाटे वाढवल्यापासून ५० च्या वर स्टेअरिंग मारते

संत्राबाग_वरुड

नमस्कार मंडळी. घरी वडिलांच्या वेळची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, १९९४ ची. फोर बाय फोर चालू, इंजिन तेच जुनं प्यूजो डिझेल. बाग वरुडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेवटचा दीड किलोमीटर पांदण. काळी माती आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. भादव्यात मधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला लागतो. मागच्या साली आंबिया बहाराच्या तोडणीत भरलेल्या कॅरेटसकट दोनदा फसलो, दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या बैलजोडीनं काढलं. चार चाकांना ताकद असलेली गाडी बैल ओढतात हे पाहायला अर्धं गाव बांधावर उभं होतं, ते सोडा.

म्हणून यंदा पोळ्याच्या आधी गाडी उंच करून घेतली. पुढे एकेक आणि मागे दोन-दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवले, पुढच्या शॅकल (पाट्याचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टांगणाऱ्या कड्या) दीड इंच लांब बनवून टाकल्या, ६.००-१६ चे टायर काढून ७.००-१६ चे बसवले. शॅकल लांब केली की ॲक्सल फिरतो, असं मिस्त्री म्हणाला आणि ॲक्सल व पाट्यांच्या मध्ये २ डिग्रीच्या पाचरी टाकल्या. सगळं मिळून साडेनऊ हजार गेले, टायर वेगळे.

आता त्रास असा. ४५-५० च्या वेगात एखादा लहानसा खड्डा लागला की स्टेअरिंग असं थरथरतं की दोन्ही हातांनी धरूनही आवरत नाही. ३० च्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. बायको परवा मोर्शीच्या रस्त्यावर उतरून गेली, एसटीनं घरी आली. सरळ रस्त्यावरही गाडी भटकते, वळण संपलं तरी स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. आणि डावीकडे पूर्वीपेक्षा कमी वळते. काम झालं तेव्हा स्टेअरिंगचं चाक तिरपं आलं होतं, ते मिस्त्र्यानं काढून सरळ बसवून दिलं.

चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं, फरक शून्य. अमरावतीला अलाइनमेंटला नेली तर तिथला मुलगा म्हणाला, सलग ॲक्सलच्या गाडीत फक्त टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळवणं) होतं, बाकी काही होत नाही. तोडणी तोंडावर आहे. काय करू?

डोंगरवाट_पुणे

स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बसवा. माझ्या गाडीला बसवल्यापासून थरथर गेली.

गॅरेज_आर्वी

डॅम्पर शेवटी. आधी बसवला तर खरं दुखणं झाकलं जाईल आणि सहा महिन्यांनी टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड खाऊन बाहेर येईल.

मोर्शीचा_भाऊ

काऊन बाप्पा, मिस्त्र्यानं पाचर उलटी त नाही ना ठोकली? आमच्या इकडं एकानं तसंच केलं होतं. गाडी अशी डोलत होती की रस्त्यावरचे लोक म्हणत, हा पिऊन चालवून राहिला. एक डाव खाली निजून पाहा, पाचरीची जाड बाजू कुठं हाय.

गॅरेज_आर्वी

भाऊनं बरोबर जागी बोट ठेवलं. जरा सविस्तर लिहितो.

सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. गाडीतही तेच. किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावीकडे-उजवीकडे वळतं तिची, रेघ वरून मागे कललेली असली की चाक स्वतःहून सरळ होऊ पाहतं. त्या कलण्याला कॅस्टर म्हणतात. या जुन्या जीपांना तो ३ डिग्रीच्या आसपास असतो. तुमचं स्टेअरिंग परत येत नाही आणि गाडी भटकते, म्हणजे कॅस्टर गेला. तो गेला की किंगपिनमधला किंवा टाय रॉडमधला थोडासा खेळही थरथरीत बदलतो.

आता तो कसा गेला ते पाहा. या गाडीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. पाटा साधारण तीन फुटांचा. शॅकल दीड इंच लांब केली म्हणजे पाट्याचं पुढचं टोक चासीपासून दीड इंच खाली गेलं, पाटा नाक खाली करून बसला आणि त्याच्यासोबत ॲक्सलही पुढे कलला. सव्वादोन-अडीच डिग्री एवढ्यातच गेली. आणि गाडी उचलली किती, तर पाऊण इंच. शॅकलच्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते. म्हणून मी कुणालाच लांब शॅकल सुचवत नाही.

तुमच्या गाडीत पाटे ॲक्सलच्या खाली आहेत, ॲक्सल पाट्यावर बसतो. अशा ठिकाणी पाचरीची जाड बाजू पुढे पाहिजे, म्हणजे ॲक्सल मागे कलेल. पाटे ॲक्सलच्या वर असलेल्या गाड्यांत जाड बाजू मागे येते. तुमच्या मिस्त्र्याचा हात बहुतेक अशाच गाड्यांवर बसला असेल. मुद्दाम कुणी करत नाही.

सपाट जागी गाडी उभी करा, फोनमधलं लेव्हल ॲप किंगपिनच्या वरच्या टोपणाच्या सपाट भागावर पुढे-मागे दिशेनं ठेवा आणि दोन्ही बाजूंचे आकडे इथे टाका. टोपण पुढे वर, मागे खाली दिसलं तर चांगलं. त्याच वेळी पुढची चाकं उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ किती लागतो बघा. आणि पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. पाचर टाकताना सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) लांब घेतला नसेल तर त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसत नाही आणि ॲक्सल एका बाजूनं सरकतो.

कायदेपंडित_वर्धा

विषयांतर वाटेल, पण गाडीत असे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमावालेही बोट दाखवतील.

संत्राबाग_वरुड

वर्धेचे दादा, मुद्दा मान्य. आधी गाडी सरळ चालू दे.

मोजलं. डाव्या बाजूला टोपण उलटं, पुढे खाली, दीड डिग्री. उजवीकडे सव्वा. पाचरीची जाड बाजू मागे आहे. मोर्शीचे भाऊ, मिठाई घेऊन येतो तुमच्याकडे.

ॲक्सलचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं. डावं चाक उचलून हलवलं तर खटखट आवाज येतो, उजवं ठीक.

गॅरेज_आर्वी

म्हणजे ३ मधून शॅकलनं अडीच काढले, उलट्या पाचरीनं आणखी दोन. हिशोब जुळतो.

पाचरी नुसत्या उलटवल्या तरी अडीचपर्यंत याल. पण पाचरीनं ॲक्सल मागे कलला की डिफरन्शियलचं (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचं) तोंड खाली जातं आणि त्याला ताकद देणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. चिखलात फोर बाय फोर टाकाल तेव्हा क्रॉस (शाफ्टचा सांधा) ओरडेल. मी म्हणतो, पाचरी काढाच, आणि जुन्या शॅकल परत टाका. पाटा वाढवलेला राहू द्या. पाऊण इंच जाईल, जाऊ द्या. यू-बोल्ट (ॲक्सल पाट्याला आवळणारे) मात्र नवे घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका, आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा. डावी खटखट किंगपिनची असणार. बेअरिंग चांगली असतील तर शिम (पातळ चकत्या) कमी करून भागेल, खड्डे पडले असतील तर बदला.

आता तुमचं डावीकडे कमी वळणं. गाडी उंच झाली की ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारी कांडी) तिरपी होते आणि तिची आडवी पोच कमी पडते. म्हणून चाकं सरळ असताना स्टेअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही, आणि तुमचं चाक तिरपं आलं. मिस्त्र्यानं वरचं चाक काढून सरळ लावलं, बॉक्स तसाच एका बाजूला राहिला. बॉक्सचा सगळ्यात घट्ट भाग मधोमध असतो, तिथून हलला की खेळ वाढतो. आणि एका बाजूला वळण संपतं लवकर. आधी जुन्या खुणेवर स्टेअरिंग चाक बसवा. मग बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा, आणि ड्रॅग लिंकच्या आट्यांवर लांबी जमवून चाकं सरळ करा. टो-इन त्यानंतर, दोन मिलिमीटरच्या आसपास.

शेवटी चासीला जॅक लावून चाकं लोंबकळतील एवढी गाडी उचला आणि ब्रेकचे होज ताणले जातात का बघा. हे कुणी बघत नाही.

डोंगरवाट_पुणे

तरी डॅम्पर बसवाच असं माझं मत.

मोर्शीचा_भाऊ

पुण्याच्या भाऊनं डॅम्परची एजन्सी घेतली काय?

संत्राबाग_वरुड

काम झालं, उशिरा लिहितोय. शॅकल जुन्या, पाचरी बाहेर. आता कॅस्टर डावीकडे तीन आणि उजवीकडे सव्वातीन डिग्री दाखवतो. डाव्या किंगपिनच्या वरच्या बेअरिंगमध्ये खड्डे होते, बदलली. ड्रॅग लिंकची लांबी जवळजवळ एक सेंटिमीटर कमी पडत होती, एक टोक गंजलेलं, सोडवायला अर्धा दिवस गेला. ब्रेकचा मागचा होज खरंच ताणलेला निघाला, लांब टाकला.

काल रिकाम्या गाडीनं ६० पर्यंत नेली, मुद्दाम खड्ड्यातून घातली. थरथर नाही. बायको अजून बसली नाही, ती म्हणते आधी आठ दिवस तुम्हीच फिरा.

एक मात्र समजत नाही. एवढं करून पांदणीतला मधला उंचवटा डिफरन्शियलला लागतोच. थोडा कमी, पण लागतो.

गॅरेज_आर्वी

लागणारच. पाटे वाढवले की चासी वर जाते, ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो. ॲक्सल फक्त टायर वर नेतो. ६.००-१६ वरून ७.००-१६ वर आलात त्यानं दोनेक सेंटिमीटर मिळाले, बस तेवढेच. आता यापुढे टायर वाढवू नका, गिअर जड पडतील. चाकोरीत दोन्ही चाकं घालू नका. एक चाक उंचवट्यावर, एक काठावर ठेवून चालवा.

संत्राबाग_वरुड

हे आधी विचारलं असतं तर साडेनऊ हजार वाचले असते. आता पांदणीत मुरूम टाकायला दोन ट्रॉल्या सांगितल्यात, निम्मे पैसे बैलजोडीवाला शेजारी देतो म्हणाला. त्याची ट्रॉलीही तिथेच फसते.