ब्रिसल वर्म: काढावेत की राहू द्यावेत?

धागाकर्ता:
रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, एखादा ब्रिसल वर्म (अंगावर बारीक काटे असलेला समुद्री किडा) दिसला की लगेच सापळा लावण्याचा सल्ला मिळतो. मला तो सरसकट पटत नाही. लाइव्ह रॉकमधून (टाकीत ठेवलेल्या, जीवजंतू असलेल्या समुद्री खडकातून) आलेले हे वर्म दिवसा भेगांत दडून राहतात आणि दिवे मालवल्यावर बाहेर येऊन उरलेले खाद्य, विष्ठा, मेलेल्या गोगलगायी असे सारे फस्त करतात, जे तसेच कुजले असते तर पाण्यात अमोनिया वाढला असता. त्यांची संख्या बेसुमार झाली असेल, तर टँकमध्ये खाद्य जास्त पडते आहे. आवर घालायचा तो आपल्या हाताला.

भरतीओहोटी:
असहमत. कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला हर्मोडिस कॅरुनक्युलाटा हा फायरवर्म (ब्रिसल वर्मचाच एक प्रकार) जिवंत प्रवाळ खातो; फांदीचे टोक तो तोंडात घेतो आणि मागे पांढरा सांगाडा तेवढा उरतो. शिवाय माझा ट्रायडॅक्ना शिंपला मेला, तेव्हा त्याच्या तळाशी वर्मचा गुंता होता. हा योगायोग म्हणायचा का?

धागाकर्ता:
शिंपला आतून खचू लागला की वास लागून वर्म जमतात, त्यामुळे तेथे ते सापडले एवढ्यावरून त्यांनीच मारले असे ठरत नाही. हर्मोडिसबद्दल मात्र वाद नाही. त्याच्या डोक्यावर घड्यांचा मांसल उंचवटा असतो. तो दिसल्यास अवश्य काढावा.

निळाई:
काढताना चिमट्याने ओढू नये, कारण यूरिथोईसारख्या जातींचे तुटलेले तुकडे पुन्हा पूर्ण वर्म होतात. काटे बोटात घुसले, तर चिकटपट्टी लावून उपटावेत. सिक्स-लाइन रॅस हा मासा लहान वर्म खातो हे खरे, पण पुढे तोच इतर माशांना छळू लागतो, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. सगळे वर्म एकदम मारण्याच्या फंदात तर पडूच नये. ते खडकाच्या आत कुजतात आणि मग अमोनियाची पाळी येतेच.

भरतीओहोटी:
ओळख पटवून काढावे, हे मान्य. पण रात्री लाल प्रकाशात, अर्धे शरीर भेगेत असलेल्या वर्मचे डोके नवख्याला दिसणार कसे? म्हणून बोटाएवढा जाड झालेला कोणताही वर्म मी सापळ्यात पकडणारच. लहान मात्र खुशाल राहोत.