पॉइंटसाठी स्टोअर कार्ड काढा म्हणणाऱ्यांनी आधी पगाराची तारीख विचारावी

खणभागकर, सांगली
काल इथं एकांनी लिहिलं की महिन्याचा किराणा रोखीनं भरणारा माणूस स्वतःचे पैसे गटारात टाकतोय, स्टोअरचं क्रेडिट कार्ड काढा, पॉइंट गोळा करा, मला वर्षात फुकट मिक्सर आला. खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांब झालं तर झालं.

माझा पगार हातात २२ हजार, घरी थोडा ऊस. २०२३ च्या दिवाळीत मॉलमध्ये बिलाच्या रांगेत उभा होतो, टेबल टाकून बसलेला पोरगा म्हणाला सर लाइफटाइम फ्री आहे, वर पाचशेचं व्हाउचर. घेतलं. तीन-चार महिने सगळं बिल वेळेवर भरलं, काही त्रास नाही. मग मार्चमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यातच पोराची फी, आणि कारखान्याचं बिल अडकलेलं. कार्डाचं बिल आलं १८,४००. मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरायची रक्कम, ९२० होती, ती भरली आणि वाटलं सुटलो.

पुढचं स्टेटमेंट अजून कपाटात आहे. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. नुसत्या १८,४०० वर एका महिन्याचं धरलं तरी ६४४ आणि ११६, झाले ७६०, आणि लावलेलं त्याहून जास्त होतं कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे मी भरलेल्या ९२० मधून मुद्दलाला दीडशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. त्याच खरेदीवर पॉइंट मिळालेले ३६८, एक पॉइंट पंचवीस पैशाचा, म्हणजे ९२ रुपये.

आणि जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते हे, की बाकी ठेवली की नव्या खरेदीलासुद्धा ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलत राहत नाही. तेलाचा डबा घेतला की त्याच दिवसापासून व्याज. मी पुढचे चार महिने पॉइंट मिळतात म्हणून तेल, साबण, पोहे सगळं त्याच कार्डावर घेत राहिलो. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी दुसऱ्यांना कार्ड काढा म्हणताना सांगायला नको का?

राजवाडा_सातारा
ती पोस्ट माझीच, आणि मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. दादा, तुमच्या आईच्या ऑपरेशनचं वाईट वाटलं, पण तुम्ही मिनिमम भरलंत हा कार्डाचा दोष कसा? माझा पगार २४ हजार आहे, मी काही बंगल्यात राहत नाही, भाड्याच्या दोन खोल्या आहेत. किराणा महिन्याला सहा हजार, माझ्या कार्डावर पाच टक्के परत मिळतात, म्हणजे ३०० रुपये महिना, वर्षाला ३,६००. घरात एवढी रक्कम कुठून येते सांगा.

माझी पद्धत अशी की कार्ड घासलं की दुकानाच्या पायरीवरच तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची, त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे आहे. स्टेटमेंट १२ ला, भरायची तारीख पुढच्या २ ला, पगार १ ला. ऑटोपे लावताना फॉर्मवर मिनिमम आणि टोटल असे दोन चौकोन असतात, टोटलवर खूण करायची. दोन वर्षांत एक रुपया व्याज गेलेलं नाही.

बेदाणा_तासगाव
सातारकर, तुमचा पगार १ ला येतो म्हणून तुमची पद्धत चालते, एवढंच त्यात आहे. आमच्या द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा, तेही व्यापारी देईल तेव्हा. उसाचं बघा, कायद्यात लिहिलंय ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते व्याज हातात पडलेला शेतकरी मला आणून दाखवा. कारखान्याकडून कागदावर १५ टक्के येणं आणि कार्डाला खिशातून ४२ टक्के देणं, मधे आम्ही. पाऊस लांबला तर पीककर्ज देणारी सोसायटीसुद्धा थांबते ओ, कार्डाची तारीख थांबत नाही.

राजवाडा_सातारा
शेतकऱ्यानं काढू नये, मान्य. मी पगारदारांसाठीच लिहिलं होतं. आणि तारखेचं म्हणाल तर बिलिंग सायकल, म्हणजे स्टेटमेंट निघायची तारीख, बदलून मागता येते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तसा.

खणभागकर
'पगारदारांसाठी' हा शब्द कालच्या पोस्टमध्ये नव्हता. मी तीनदा वाचलीय.

कृष्णाकाठची_ताई
मला व्याजाचा त्रास कधी झाला नाही, कारण माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाहीच, नुसता मोबाइल नंबर सांगून पॉइंट जमतात ते आहेत. पण त्यातही पैसे जातातच. २,५०० च्या वर घेतलं तर २५० कमी, असं कुपन आलं. माझी यादी होती १,७०० ची. ८०० भरून काढायला कपडे धुण्याच्या पावडरीची मोठी पिशवी आणि मुलांना नको असलेला ओट्सचा डबा घेतला. २५० वाचवायला ८०० चा जास्तीचा माल घेतला, आणि ओट्सला शेवटी पोरकिडे झाले.

बहिणीचे १,९०० पॉइंट होते तिच्या कार्डावर, कुकरसाठी धरून ठेवलेले. घ्यायला गेली तर ९९ रुपये आणि वर जीएसटी रिडीम करायचा चार्ज, शिवाय त्यांच्या यादीतल्याच वस्तू. ती विचार करेपर्यंत मुदत संपली. त्या दिवशी ती ओट्यापाशी बसून रडली हो. रक्कम मोठी नव्हती, पण वर्षभर एकेक पिशवी त्या कुकरकडे बघून भरलेली होती तिनं.

गणपती_पेठ_दुकानदार
सगळे बोलताय म्हणून आमचंही ऐका. तुमचे पॉइंट येतात कुठून? कार्ड घासलं की मशीनवाला आमच्याकडून दोन टक्क्यांच्या आसपास कापतो, त्यातलाच तुकडा तुम्हाला बक्षीस म्हणून परत येतो. साखरेत आम्हाला किलोमागं रुपया-दीड रुपया सुटतो, त्यावर कार्ड घेऊन काय उरणार?

विश्रामबाग_कॉलनी
म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाकडून वर दोन टक्के घेता? पेठेत मागच्या महिन्यात ३,५०० च्या बिलावर माझ्याकडून ७० रुपये जादा घेतले, बिलात लिहिलेले नाहीत. मशीन घेताना बँकेशी करार होतो त्यात हे बसत नाही. नसेल परवडत तर मशीन काढून टाका.

गणपती_पेठ_दुकानदार
मी घेत नाही. मी सरळ सांगतो यूपीआय करा नाहीतर रोख द्या.

राजवाडा_सातारा
काका, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंतच्या बिलावर चार्ज लागत नाही.

गणपती_पेठ_दुकानदार
महिन्याचा बाजार २,००० मध्ये होतो का तुमच्याकडं? आमच्याकडं वही आहे, तीच गरिबाचं कार्ड. व्याज नाही, मुदत नाही, फोन नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा अख्ख्या गावाची मशीनं बंद होती. माझ्या गोदामात साखरेची चाळीस पोती विरघळली, पाणी उतरल्यावर हातात नुसता चिकट बारदाना. तरी माळ्यावर वाचलेला माल मी दोन महिने वहीवर दिला. कुठल्या कार्डानं दिला असता?

विश्रामबाग_कॉलनी
वहीत व्याज नाही हे मला सांगू नका. आमच्या वडिलांचं पेठेतल्याच एका दुकानात वीस वर्षं खातं होतं. रोखीत तूरडाळ ज्या भावानं, वहीवर किलोला तीन-चार रुपये जास्त. भाव विचारायची सोय नाही, कारण बाकी आहे. चांगली डाळ रोखवाल्याला, आम्हाला पोत्याच्या तळातली. ते व्याज नाही तर काय आहे? कार्डाचं निदान स्टेटमेंटवर छापून येतं. आणि पुराचं काढलंत म्हणून सांगते, त्याच पुरात एका दुकानानं वीसचा मेणबत्तीचा पुडा साठला विकला. गुडघाभर पाण्यातून डोक्यावर पिशवी घेऊन मी तो आणला होता.

गणपती_पेठ_दुकानदार
एकानं विकला म्हणून सगळी पेठ चोर? ताई, तोंड सांभाळून बोला. माझी अजून वहीत सव्वा लाखाची बाकी अडकलीय त्या वर्षाची, मी कुणाच्या दारात गेलो नाही.

विश्रामबाग_कॉलनी
मी सगळी पेठ म्हटलेलं नाही. वर जाऊन वाचा, मग बोला.

बेदाणा_तासगाव
दोघांनी जरा पाणी प्या. वहीचं दोन्ही खरं आहे. माझ्या बापाला वहीनंच जगवलं आणि वहीनंच आयुष्यभर त्या एका दुकानाला बांधून ठेवलं.

खणभागकर
कार्डावर येतो. मला ते बंद करायचंय. सगळी बाकी फेडली, कस्टमर केअरला चारदा फोन केला, दर वेळी 'सर तुम्हाला ५०० बोनस पॉइंट देतो, चालू ठेवा'. कुणी केलंय का बंद?

राजवाडा_सातारा
हे मात्र मी सांगतो, कारण माझं एक जुनं कार्ड असंच लोंबकळत होतं. फोन करू नका, ईमेल करा, तारीख राहते. २०२२ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करायलाच लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे. मेलमध्ये हेच वाक्य लिहा. तीस दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही. आणि बंद करायच्या आधी पॉइंट वापरून टाका, नाहीतर तेही जातील.

खणभागकर
धन्यवाद. आज रात्री मेल टाकतो. तुमची दुसऱ्या खात्याची युक्ती चांगली आहे, एवढं मानतो. पण ती युक्ती ज्याच्याकडे दुसऱ्या खात्यात टाकायला पैसे आहेत त्याची आहे. मार्चमध्ये माझ्याकडे नव्हते, आणि त्या टेबलावरच्या पोरानं मला पगार विचारला, कारखान्याचं बिल कधी येतं हे विचारलं नाही.

राजवाडा_सातारा
पोस्टमध्ये 'दर महिन्याला पूर्ण बिल भरू शकत असाल तरच' एवढी ओळ घालतो. मिक्सरचा फोटो काढणार नाही, तो खरंच आलाय.

कृष्णाकाठची_ताई
त्यात मुदतीचंही लिहा, पॉइंट कधी संपतात ते.

विश्रामबाग_कॉलनी
आणि ते ७० रुपये राहिलेच.

गणपती_पेठ_दुकानदार
ताई, ते दुकान माझं नाही, पण कुणाचं ते कळलं तर मी स्वतः बोलतो त्याच्याशी, बिल असेल तर घेऊन या. आणि तुमच्या वडिलांचं खातं कुठं होतं तेही सांगा. आमच्या बापाच्या जुन्या वह्या माळ्यावर होत्या, त्या भिजल्या नाहीत. आमच्याकडचं निघालं तर भाव काढून बघतो मी.