घरून जीआरई: वन-आरकेमध्ये जमेल का?

भांडुपवाली: जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा, घरूनच लॅपटॉपवर द्यायचा विचार आहे. घर वन-आरके; आई-बाबा, आजी आणि मी. त्यात गणपती जवळ आलेत आणि मंडळाचा मांडव आमच्या खिडकीखालीच असतो. परीक्षेवर लक्ष ठेवणारे कॅमेऱ्यातून नेमकं काय काय बघतात? मध्येच कुणी आत आलं तर? फार धाकधूक होतेय.

गिरगावचा दादा: मी चाळीतल्या घरातून दिलीय, म्हणून अगदी कळकळीने सांगतो, आधी खोलीचा बंदोबस्त कर. दार बंद हवं, ते कॅमेऱ्यात दिसायला हवं आणि आत तुझ्याशिवाय कुणीही नको. पलंगावर बसून चालत नाही, टेबल-खुर्चीच लागते. म्हणजे तुमच्याकडे बाकीच्यांना बाहेरच जावं लागणार. आजींना आधीच नीट समजावून सांग, नाहीतर ‘पोरीला चहा देते’ म्हणून त्या प्रेमाने दार उघडतील. दाराची बेलही बंद ठेव.

सुरुवातीला पासपोर्ट बघतात. मग लॅपटॉप फिरवून चारही भिंती, टेबलाखालची जागा दाखवायची. आरशातून किंवा मोबाइलमधून स्क्रीनही दाखवावी लागते, त्यानंतर मोबाइल लांब. केस मागे घे, कान दिसले पाहिजेत. हेडफोन चालत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कच्चं काम. साधा कागद-पेन मिळत नाही. छोटा व्हाइटबोर्ड घे, किंवा पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद आणि पुसता येणारा मार्कर. गणिताला २७ प्रश्न आणि ४७ मिनिटं. जाड टोकाच्या मार्करने दोन-तीन गणितांतच बोर्ड भरतो, आणि पुसायला गेलं की विचारांची साखळी तुटते. बारीक टोकाचा मार्कर आण आणि आजपासून सगळा सराव त्यावरच कर. शेवटी बोर्ड पुसून कॅमेऱ्याला दाखवायचा असतो.

सप्टेंबर २०२३ पासून पेपर १ तास ५८ मिनिटांचा झालाय, पण मध्ये सुट्टी नाही. तपासणीचा वेळ वेगळा धर.

मुलुंडची आई: शेजारी फरशी फोडायचं काम चालू नाही ना, ते सेक्रेटरींना विचारून ठेव बाळा. माझ्या लेकीच्या वेळी ड्रिल सुरू झालं आणि तिचा जीव अर्धा झाला.

परळकर: घरची परीक्षा चोवीस तासांत कधीही देता येते. लाउडस्पीकर रात्री बंद असतात, पहाटेची वेळ बघ. नाहीतर सरळ सेंटर गाठ. खाली मांडव असताना मी तरी घरून दिली नसती.

भांडुपवाली: पहाटे आजीला कुठे पाठवू? विक्रोळीला मावशीकडे वेगळी बेडरूम आहे, तिथे विसर्जनानंतरची तारीख घेते. मावशीचा ऑफिसचा लॅपटॉप चालेल का?

गिरगावचा दादा: तो नको. परीक्षेचा खास ब्राउझर टाकावा लागतो, ऑफिसवाले बहुतेक अडवतात. तुझाच लॅपटॉप ने, आणि मावशीच्या वायफायवर यंत्रणा तपासणी आधीच करून बघ.