चिपचे आवाज आणि गिटार एकत्र असलेल्या संगीताला कोणत्या प्रकारात बसवावे?

घरचा_आवाज (प्रश्न)

मी घरीच संगीत तयार करतो. निंटेंडोच्या जुन्या गेम-यंत्रातील ध्वनी-चिपचे आवाज काढणाऱ्या फॅमीट्रॅकर या संगणक-प्रोग्राममध्ये चाल आणि ताल लिहितो, त्यातला प्रत्येक चॅनेल, म्हणजे चिपचा एकेक स्वतंत्र आवाज, वेगळ्या फाइलमध्ये काढून घेतो आणि मग त्यावर इलेक्ट्रिक गिटार वाजवून रेकॉर्ड करतो. गायन नाही. बहुतेक रचनांमध्ये मुख्य चाल चिपच्या आवाजात असते आणि गिटार खाली जाडसर रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, धरून ठेवते. एका रचनेत मात्र याच्या उलट आहे. तिथे चाल गिटारकडे आहे आणि चिपकडे केवळ भराभर फिरणारे अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे एकामागून एक वाजणारे स्वर, उरले आहेत. आणखी एक रचना अकूस्टिक गिटारची आहे, ज्यात चिपचा सहभाग अगदी नाममात्र आहे.

हे सगळे प्रसिद्ध करायला गेलो की एक मुख्य प्रकार आणि एक उपप्रकार भरावा लागतो आणि माझे घोडे तिथेच अडते. ज्यांना ऐकवले ते बहुतेक जण याला 'गेमचे संगीत' म्हणतात, पण यातले काहीही कोणत्याही गेममधून घेतलेले नाही आणि गेमसाठी केलेलेही नाही. चिपट्यून (जुन्या गेम-यंत्रांच्या आणि संगणकांच्या ध्वनी-चिपमधून काढलेले संगीत) म्हटले तर त्या संगीताचे जाणकार गिटार ऐकून नाक मुरडतील, आणि नुसते रॉक म्हटले तर रॉक ऐकणारा पहिल्या काही सेकंदांतच पुढच्या गाण्याकडे वळेल. एट-बिट, बिटपॉप, निंटेंडोकोर ही नावे वाचनात आली आहेत, परंतु त्यांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत ते कळत नाही. काटेकोर व्याख्येपेक्षा, ऐकणाऱ्याची फसगत होणार नाही असे नाव मला हवे आहे.

तिसरी_तार

आपण जी नावे लिहिली आहेत त्यांपैकी निंटेंडोकोर सर्वप्रथम बाजूला ठेवा. हे नाव 'हॉर्स द बँड' या अमेरिकी बँडशी जोडले गेले आहे आणि त्यांनी ते मुळात थट्टेत वापरले होते. त्यात 'कोर' आहे तो हार्डकोरमधला, म्हणजे किंचाळत केलेले गायन, तुटक आणि जड रिफ, मधूनच कोसळणारी लय. आपल्या संगीतात गायनच नाही, त्यामुळे हे नाव वाचून येणारा श्रोता हमखास निराश होईल.

दुसऱ्या टोकाला 'मिनीबॉसेस' आणि 'द ॲडव्हांटेज' यांच्यासारखे बँड आहेत, जे जुन्या गेममधल्या चाली गिटार, बास आणि ड्रमवर वाजवतात. तिथे चाल गेमची असते आणि चिपचा आवाज मात्र नसतो; आपल्याकडे नेमकी उलट परिस्थिती आहे. 'गेमचे संगीत' हे वर्णन आपल्याला खटकते याचे कारण हेच असावे, आणि ते खटकणे रास्त आहे.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण न्यूयॉर्कच्या 'अनामानागुची' या बँडचे वाटते. त्यांनी निंटेंडोच्या जुन्या यंत्रातून काढलेल्या आवाजांना गिटार, बास आणि ड्रम यांच्या बरोबरीचे स्थान दिले. 2010 मध्ये 'स्कॉट पिल्ग्रिम' या गेमचे संगीत त्यांनी केल्यानंतर हा आवाज पुष्कळ मोठ्या वर्गापर्यंत पोहोचला. अशा संगीतासाठी 'चिपट्यून रॉक' हे नाव सर्रास वापरले जाते आणि माझ्या मते आपणही तेच घ्यावे. स्वीडनच्या 'मशिने सुप्रिमसी' या बँडने कॉमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकातल्या सिड या ध्वनी-चिपचे आवाज मेटलमध्ये आणले आणि स्वतःच्या शैलीला 'सिड मेटल' म्हटले. चिपचे नाव आणि गिटारच्या शैलीचे नाव शेजारी ठेवण्याची ही रीत ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एका दमात सांगते.

'बिटपॉप' हे नाव अधिक सैल आहे. चिपचे आवाज इतर वाद्यांबरोबर किंवा गायनाबरोबर मिसळले की ते लावता येते, मात्र त्यातून हलक्याफुलक्या, नाचऱ्या पॉपची अपेक्षा निर्माण होते. आपल्या जाडसर रिफांना ते शोभेल का, हे आपणच ठरवा. 'एट-बिट' हे प्रकाराचे नाव म्हणून मी तरी वापरणार नाही, कारण गेमसारखा वाटणारा कोणताही टिकटिकाट हल्ली त्या नावाखाली खपवला जातो.

निर्णय होत नसेल तर प्रत्येक रचना दोनदा ऐका, एकदा गिटार बंद करून आणि एकदा चिप बंद करून. गिटार काढल्यावरही रचना पूर्ण वाटत असेल तर ते चिपट्यून आहे, ज्यात गिटार पाहुणी म्हणून आली आहे. चिप काढल्यावर पूर्ण वाटत असेल तर ते रॉक आहे आणि चिप ही केवळ सजावट आहे. दोन्ही वेळा रचना लंगडी पडत असेल तरच जोडनाव लावण्यात अर्थ आहे.

जुनी_चिप

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण चिपट्यूनचे जाणकार गिटार ऐकून नाक मुरडतील ही भीती अनाठायी आहे. आम्हा मंडळींचा वाद गिटारवरून होतच नाही, आवाज कशातून निघाला यावरून होतो. मूळ यंत्राच्या मर्यादा न पाळता संगणकावर हवे तितके चौकोनी तरंग एकावर एक रचले की त्याला काहीशा हेटाळणीने 'फेकबिट' म्हटले जाते.

आपण फॅमीट्रॅकर वापरता, म्हणजे 1983 साली फॅमिकॉम या निंटेंडोच्या गेम-यंत्रात आलेल्या चिपचे पाचच चॅनेल आपल्या हाताशी आहेत. त्यांत दोन पल्स (चौकोनी तरंगाचे), एक त्रिकोणी तरंग, एक नॉइज (खरखरीचा) आणि एक छोट्या सॅम्पलसाठीचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यासाठीचा. एनएसएफ या त्या यंत्राच्या संगीत-फाइलच्या स्वरूपात काढलेली फाइल योग्य कार्ट्रिज असल्यास खऱ्या यंत्रावरही वाजते. त्यामुळे आपल्याला कोणी फेकबिट म्हटले तरी मनावर घेण्याचे कारण नाही. उलट वर्णनात चिपचे नाव आणि चॅनेलची संख्या लिहावी, कारण पाच चॅनेलमध्ये कोणी काय साधले हे पाहण्यातच आमच्यापैकी अनेकांना गोडी असते. आपण ज्या भराभर फिरणाऱ्या अर्पेजिओंचा उल्लेख केला आहे, तेही याच टंचाईतून जन्मले. तीन स्वरांच्या कॉर्डसाठी तीन चॅनेल खर्च करणे परवडत नाही, म्हणून एकाच चॅनेलवर ते तीन स्वर सेकंदाला साठ वेळा बदलत राहतात. संपूर्ण कॉर्ड सेकंदाला वीस वेळा फिरते आणि कानाला ती किंचित थरथरणारी एकसंध कॉर्ड वाटते. हे ऐकताच जाणकार माणूस रचना कोणत्या घराण्यातली आहे ते ओळखतो, मग वर गिटार असो वा नसो.

रकाना_भरा

नावाची चर्चा एका बाजूला आणि फॉर्म भरणे दुसऱ्या बाजूला, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. मुख्य प्रकाराच्या यादीत 'चिपट्यून रॉक' बहुधा सापडणार नाही आणि त्यासाठी थांबून राहू नये. एमपीथ्री फाइलींच्या आयडीथ्री टॅगची, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या गाण्याच्या माहितीची, जी पहिली यादी होती तिच्यात 80 प्रकार होते. त्यांत 'गेम' होते, चिपट्यून नव्हते. नंतरच्या आवृत्तीत प्रकाराचे नाव आपल्या शब्दांत लिहिण्याची सोय झाली, आणि फ्लॅक फाइलमध्ये तर प्रकाराचे टॅग एकाहून अधिक देता येतात. तेव्हा फाइलच्या टॅगमध्ये मनासारखे नाव लिहावे. फॉर्ममध्ये मात्र मुख्य प्रकार इलेक्ट्रॉनिक आणि उपप्रकार रॉक, किंवा याच्या उलट, असा क्रम ठेवावा. चाल ज्याच्याकडे आहे त्याचे नाव आधी.

शक्य असेल तिथे प्रकार अल्बमला न देता प्रत्येक रचनेला स्वतंत्र द्यावा. आणि निंटेंडो या कंपनीचे नाव शीर्षकात किंवा प्रकारात आणू नये. ते नोंदणीकृत नाव आहे, विनाकारण पत्रव्यवहार ओढवून घेण्यात काही हशील नाही.

घरचा_आवाज

सर्वांचे आभार. तिसरी_तार यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक बाजू बंद करून ऐकले. बहुतेक रचना दोन्ही वेळा लंगड्या पडल्या, म्हणजे जोडनाव योग्य आहे. गिटार चाल वाजवते ती रचना चिपशिवायही उभी राहते, तेव्हा ती रॉकमध्ये जाईल.

परंतु सर्वांत जोरकस रचनेबाबत वेगळाच प्रश्न निघाला. ती ऐकवल्यावर 'यात गिटार कुठे आहे?' असे विचारले गेले. गिटार पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे आणि तिच्यावर भरपूर डिस्टॉर्शन आहे. ऐकणाऱ्याला गिटार जाणवतच नसेल तर तिला चिपट्यून रॉक म्हणणे फसवे होईल का?

जुनी_चिप

नाव बदलण्याआधी मिक्स बदलून पाहा. डिस्टॉर्शन म्हणजे तरंगाचे शेंडे छाटणे, आणि खूप छाटत गेले की गिटारचा तरंग चौकोनी होत जातो. आपला पल्स चॅनेल 50 टक्के ड्यूटीवर (ड्यूटी म्हणजे एका फेरीत तरंग किती वेळ वर राहतो त्याचे प्रमाण) असेल तर तोही चौकोनीच आहे. दोघेही एकाच सप्तकात असले की कानाला एक जाड, करवतीसारखा आवाज ऐकू येतो आणि त्यातले कोण कुठले ते उमगत नाही.

त्यावर उपाय असा की गिटार असलेल्या भागात पल्सची ड्यूटी 12.5 टक्क्यांवर आणावी. आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो आणि गिटारपासून वेगळा निघतो. त्याच वेळी गिटारचे गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, कमी करावे, विशेषतः कॉर्ड वाजवत असाल तर, म्हणजे प्लेक्ट्रमचा घाव पुन्हा ऐकू येऊ लागेल. माझ्या अनुभवात गिटार ओळखू येते ती त्या घावामुळे आणि तार ओढल्यावर सरकणाऱ्या स्वरामुळे, नुसत्या जाडीमुळे नव्हे. त्रिकोणी चॅनेललाही सांभाळावे लागते, कारण त्याला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही, तो एक तर वाजतो किंवा गप्प असतो. आपण प्रत्येक चॅनेल वेगळा काढून घेता, त्यामुळे त्याची पातळी मिक्समध्ये कमी करता येईल. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेला तेवढीच जागा मिळेल.

तिसरी_तार

यात एवढेच जोडतो की श्रोत्यापर्यंत वर्णनाआधी रचनेची सुरुवात पोहोचते. पहिल्या काही मात्रांत दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले, उदाहरणार्थ आधी एकटी चिप आणि लगेच गिटारचा एक उघडा रिफ, तर पुढे ते मिसळले तरी चालते. कान दोघांचाही माग ठेवतो.

घरचा_आवाज

ड्यूटी 12.5 टक्क्यांवर आणली आणि गेन निम्म्याहून कमी केले. गिटार आता स्पष्ट ऐकू येते. अल्बमला 'चिपट्यून रॉक, वाद्यसंगीत' असे लिहितो आहे, फॉर्ममध्ये मुख्य प्रकार इलेक्ट्रॉनिक आणि उपप्रकार रॉक ठेवला आहे, आणि वर्णनात पाच चॅनेलचा उल्लेख केला आहे. राहिली ती अकूस्टिक रचना. तिच्यात चिपचा फक्त त्रिकोणी चॅनेल बाससारखा वाजतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

रकाना_भरा

मग तिला चिपचे नाव देऊ नका. अकूस्टिक वाद्यसंगीत म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध करा. अल्बममध्येच ठेवायची असेल तर शेवटी ठेवा आणि तिचा टॅग तेवढा वेगळा भरा.