शब्दचर्चा: ‘ब्रँड ऑथेंटिसिटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका सामाजिक संस्थेच्या माहितीपत्रकात ‘ब्रँड ऑथेंटिसिटी’साठी (संस्था स्वतःला दाखवते तशीच खरोखर असणं, या अर्थी) ‘ब्रँडची सत्यता’ असं छापायचं चाललंय. कानाला खटकतं. ‘विश्वासार्हता’ चालेल का? शिवाय कार्यकर्ते विचारतात, आपण काही विकत नाही, मग ब्रँड हवाच कशाला?

प्रतिसाद १: सत्यता बातमीची तपासतात. विश्वासार्हता लोकांनी द्यायची, ती आपली आपण छापू नये. ‘अस्सलपणा’ घ्या. जुन्या दस्तऐवजांच्या प्रतींवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळाप्रमाणे केलेली प्रत, असा शेरा असायचा. संस्थेचं काम हे अस्सल; बोधचिन्ह, फोटो, आवाहन ही नक्कल. साबण कसा आहे ते घेणाऱ्याला पहिल्या आंघोळीत कळतं. देणगीदार पुण्यात पैसे भरतो, काम मेळघाटात होतं. त्याच्या हाती नक्कलच येते. ब्रँड हवा तो यासाठी.

प्रतिसाद २: ‘सचोटी’ का नको?

प्रतिसाद १: सचोटी व्यवहाराची. हिशेब चोख असूनही पोस्टरवर भलत्याच राज्यातल्या मुलांचा विकतचा फोटो असू शकतो. उलट गडचिरोलीतली ‘सर्च’ ही आरोग्याचं काम करणारी संस्था बघा. दवाखान्याला गोंडांच्या दंतेश्वरी देवीचं नाव आहे, बांधणी आदिवासी गावासारखी. ती ओळख देणगीदाराला भावावी म्हणून नव्हे, तर रुग्णाला परकं वाटू नये म्हणून घडली.

प्रतिसाद ३: शब्द कुठलाही घ्या, आधी आवाहनाचा मजकूर तपासा. घोळ तिथेच होतो. ‘₹१,५०० भरा, एका मुलीचं वर्षभराचं शिक्षण करा’ हे वाक्य घ्या. समजा ३०० मुलींच्या प्रकल्पाचा वर्षाचा खर्च ₹९ लाख आहे. म्हणजे दरडोई ₹३,०००. ₹१,५०० हा नुसता वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा आकडा. शिक्षिकांचं मानधन, जागेचं भाडं आणि प्रवास गाळून काढलेला. ही लबाडी असतेच असं नाही, बहुतेकदा व्यवस्थापनखर्च दाखवायची भीती असते. पण हाच देणगीदार वार्षिक अहवाल उघडून भागाकार करतो, तेव्हा सगळंच खोटं वाटू लागतं. सरळ लिहा: ‘₹१,५०० मध्ये वह्या-पुस्तकं आणि गणवेश, पूर्ण खर्च ₹३,०००.’

दुसरा घोळ ‘लाभार्थी’ या शब्दाचा. एकच मूल चार शिबिरांना आलं की चार लाभार्थी धरतात. ती उपस्थिती झाली. माणसं वेगळी मोजा, उपस्थिती वेगळी. फोटोखाली गाव, महिना, वर्ष टाका आणि पालकांची संमती त्यांना वाचता येईल अशा भाषेत घ्या.

प्रतिसाद २: पटलं. एक भर: प्रकल्पाचं नाव एक आणि ट्रस्टचं नोंदणीतलं नाव दुसरं असेल, तर क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर अनोळखी नाव येतं आणि माणूस पैसे न भरताच थांबतो. पोस्टरवर क्यूआरखाली ‘खाते अमुक ट्रस्टच्या नावे’ एवढी ओळ छापा. पावतीवरही दोन्ही नावं असू द्या.