मदत हवी आहे: फारसी जाणणाऱ्यांना विचारायचंय

नमस्कार मंडळी. इराणचे नेते मोहम्मद बाघेर गालिबाफ यांच्यावर एका अंकासाठी लेख लिहितेय आणि शब्दांपाशी अडले आहे.

माणूस मशहदजवळचा, जन्म 1961 चा. इराण-इराक युद्धात ऐन विशीत ‘सिपाह’च्या (इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या) डिव्हिजनचा कमांडर. मग सिपाहच्या हवाई दलाचे प्रमुख, 2000 पासून पोलीसप्रमुख, 2005 ते 2017 तेहरानचे महापौर आणि 2020 पासून मजलिसचे, म्हणजे इराणी संसदेचे सभापती. राष्ट्राध्यक्षपदासाठी अनेकदा उभे राहिले, ते मात्र मिळालं नाही.

आता अडचण ‘महापौर’ शब्दाची. आपल्याकडे महापौराला मान मोठा, पण कारभार आयुक्तांच्या हाती. तेहरानच्या ‘शहरदारा’ला निवडते नगरपरिषद, पण कारभार तोच हाकतो. सद्र मार्गाचा दुमजली उड्डाणपूल गालिबाफ यांच्याच काळातला. ‘महापौर’ लिहिलं तर मराठी वाचकाला हे वजन कळणारच नाही. मग ‘शहरदार’च ठेवू का? जहागीरदार, फौजदार म्हणणाऱ्या आपल्याला तो परका वाटू नये.

दुसरं, सिपाहच्या जनरलला तिकडे ‘सरदार’ म्हणतात. तसंच लिहिलं तर डोळ्यांसमोर पेशवाईतले सरदार येतील, ही धास्ती वाटते.

आणि आडनाव? अर्थ ‘गालिचे विणणारा’; आपला गालिचाही त्याच शब्दाचा धाकटा. मराठीत गालिबाफ लिहू की कालिबाफ? कुणी तेहरानच्या लोकांचा उच्चार ऐकला असेल तर कृपया सांगा. लेख रविवारी द्यायचाय.