'लायकेन प्लॅनस'ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीकर: आईच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी दिसते. तिखट लागलं की भगभगतं. डॉक्टरांनी फाइलवर 'ओरल लायकेन प्लॅनस' लिहिलं. आई विचारते, मराठीत काय म्हणतात रे याला? 'तोंड आलं' म्हणावं, तर ते दहा-पंधरा दिवसांत जातं. हे पाच महिने तसंच आहे.

मसाल्याचा डबा: शब्द डब्यातच आहे की! लायकेन म्हणजे शैवाक, आणि आपलं दगडफूल हे एक शैवाकच. इतवारीतून आणतो ना सावजी मसाल्यासाठी, एका बाजूनं काळं, दुसऱ्या बाजूनं राखाडी, तेच. प्लॅनस म्हणजे लॅटिनमध्ये सपाट. म्हणजे 'सपाट दगडफूल'.

धंतोलीकर: बाप्पा! शैवाक म्हणजे बुरशी न् शेवाळ एकत्र. आईच्या तोंडात बुरशी लागली काय मग?

ओपीडीतली: अजिबात नाही, भाऊ. साम्य फक्त दिसण्याचं. ग्रीक लोक झाडावरच्या शैवाकालाही आणि अंगावरच्या पुरळालाही तोच शब्द वापरत. इरॅस्मस विल्सननं १८६९ मध्ये 'लायकेन प्लॅनस' नाव रूढ केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अंगावर आला तर जांभळट, चपट्या, खाजऱ्या पुटकुळ्या, न् त्यांवर बारीक पांढऱ्या रेघा. काकूंना अधूनमधून दाखवत राहा, एवढं मात्र करा.

'तोंड येणं' या शब्दानं घोळ होतो, हे खरंय. डोळे आले, तोंड आलं, देवी आल्या: आपल्याकडे आजार 'येतो', म्हणजे जाणारच असं धरून चालतो. पेम्फिगस म्हणून अंगावर फोड येणारा एक आजार असतो, त्यात पुष्कळदा आधी तोंडातच फोड फुटून जखमा होतात. पेशंट म्हणतो तोंड आलंय, न् महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्स खातो. (पेम्फिक्स म्हणजे ग्रीकमध्ये फोडच. ग्रीकांनीही फार डोकं चालवलं नाही.) नावं ठेवावीत तर आपल्या लोकांनी: कमरेला अर्धा वेढा घालणारी ती 'नागीण'!

पानठेला: आमच्या खर्रेवाल्यांच्या (सुपारी-तंबाखू घोटून खाणाऱ्यांच्या) तोंडातही पांढरं दिसते. तेच का हे?

ओपीडीतली: नाही. तिथं सुपारीनं गाल आतून ताठ होतो न् तोंड उघडेनासं होतं. स्वतःचीच तीन बोटं उभी घालून पाहा, जात नसतील तर खर्रा आजच फेका न् दाखवून घ्या.

पानठेला: दोनच गेली.

ओपीडीतली: मग उद्या सकाळीच या.

धंतोलीकर: आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणे, "दगडफूल मसाल्यात राहू दे. मी डॉक्टरला जाळीच म्हणीन."